पॉलिसीच्या टेबलावर गाडी बघतात, क्लेमच्या टेबलावर तुला

प्रश्न थोडक्यात असा आलाय. वय २४, पुण्यात नोकरी, लायसन्स मिळून आठ महिने झालेत, चार वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक बघून ठेवलीय, ११९७ सीसी, एमएच-१२ पासिंग, चालवणार शनिवार-रविवारच. मोठा भाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो, त्याने तिकडे पहिली गाडी घेतली तेव्हा इन्शुरन्सचा आकडा ऐकून त्याला घाम फुटला होता, कारण तिकडचं लायसन्स नवं. मग इथेही नवीन ड्रायव्हर म्हणून जास्त पैसे लागणार का, कंपनी ड्रायव्हरचं नक्की काय तपासते, आणि गाडी बाबांच्या नावावर घेतली तर स्वस्त पडेल का? शेवटी "काका जरा सविस्तर सांगा" असं लिहिलंयस, आता काका म्हटलंच आहेस तर एकेरीतच बोलतो.

मी मोटर इन्शुरन्समध्ये बावीस वर्षं काढली. पहिली सहा पॉलिसी देणाऱ्या टेबलावर, बाकीची क्लेमच्या टेबलावर, म्हणजे खरं तर गॅरेजांमध्येच. ही दोन टेबलं एकाच ऑफिसात असतात पण दोघांचे प्रश्न वेगळे. पॉलिसीचं टेबल विचारतं गाडी कुठली, क्लेमचं टेबल विचारतं चालवत कोण होतं. तुझा सगळा गोंधळ इथेच आहे, कारण भावाच्या देशात हे दोन्ही प्रश्न सुरुवातीलाच विचारून घेतात आणि आपल्याकडे दुसरा प्रश्न ठोकल्यावर विचारतात.

तिकडे वय, नोकरी कसली, राहतोस त्या भागाचा पोस्टकोड, रात्री गाडी कुठे लावतोस, लायसन्सवर नियम मोडल्याचे पॉइंट आहेत का, मागच्या पाच वर्षांत काही गुन्हे किंवा अपघात, सगळं आधी विचारतात आणि त्यावर आकडा काढतात. गाडी कोण कोण चालवणार त्यांची नावं पण द्यावी लागतात. मुलगा रोज चालवणार असताना वडलांना मुख्य ड्रायव्हर म्हणून दाखवलं तर तिकडे ती सरळ फसवणूक धरतात. त्यामुळे भावाचा अनुभव खरा आहे, फक्त तो तुला लागू नाही. आपल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत ड्रायव्हरचं कलम असं असतं की मालक धरून कोणीही चालवू शकतो, अट एवढीच की अपघाताच्या वेळी त्याच्याकडे चालू लायसन्स पाहिजे आणि त्याला लायसन्स बाळगायला बंदी घातलेली नको. लायसन्स आठ महिन्यांचं आहे की अठ्ठावीस वर्षांचं, साध्या पॉलिसीत याचा प्रीमियमशी काही संबंध नाही. हे न्याय्य आहे का? माझ्या मते नाही, पन्नाशीचा सांभाळून चालवणारा माणूस तुझ्यासारख्या पोरांचा खर्च उचलतो, पण सध्या फायदा तुझाच आहे तर घे.

आता पैसे कसे लागतात ते बघ. प्रीमियमचे दोन भाग. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुझ्या गाडीने दुसऱ्याचं काही झालं तर. हा मोटर वाहन कायद्याच्या १४६ कलमाने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. तुझी गाडी मधल्या गटात. हा आकडा सगळीकडे सारखाच, त्यामुळे कोणी म्हणालं की "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त" तर समज की गडबड आहे, खोट्या पॉलिसी विकणारे असतात, पॉलिसी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघ आणि एमपरिवहन ॲपवर पण दिसतेय का बघ.

दुसरा भाग ओडी, म्हणजे ओन डॅमेज, आपल्या गाडीचं नुकसान. हा पूर्वी इंडिया मोटर टॅरिफने, म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारख्या दरपत्रकाने ठरायचा, १ जानेवारी २००७ पासून दर मोकळे झाले, पण गंमत म्हणजे अजूनही बऱ्याच ठिकाणी जुन्या टॅरिफचा दर पाया म्हणून धरतात आणि त्यावर डिस्काउंट देतात. त्या टॅरिफमध्ये देशाचे दोन झोन. पुणे, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद हा ए झोन, बाकी सगळा देश बी. झोन ठरतो गाडी कुठे रजिस्टर आहे त्यावर, चालवतोस कुठे त्यावर नाही. मग सीसी, मग गाडीचं वय, मग आयडीव्ही. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार भंगार झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. आज त्या मॉडेलची नवी किंमत समज ८ लाख आहे, गाडी तीन ते चार वर्षांच्या गटात असेल तर ४० टक्के घसारा (जुनी झाली म्हणून कापायची किंमत), म्हणजे आयडीव्ही ४ लाख ८० हजार. ए झोन, पाच वर्षांच्या आतली, १५०० सीसीपर्यंत, दर ३.२८३ टक्के, झाले १५,७५८. यावर कंपनी डिस्काउंट देते, गणितापुरता ६० टक्के धर, राहिले ६,३०३. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळव, ९,७१९, वर १८ टक्के जीएसटी, साधारण ११,४६९ रुपये. मालकाचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर वेगळं.

बघ, या सगळ्या हिशोबात तू कुठेच नाहीस.

तो डिस्काउंट किती ते मात्र कंपनीगणिक फार बदलतं, आणि तिथे कंपनीचा स्वतःचा अनुभव बोलतो. प्रत्येक कंपनीकडे एक ग्रिड असते, कुठलं मॉडेल, कुठलं व्हेरियंट, डिझेल की पेट्रोल, कुठल्या आरटीओचा नंबर, मागच्या वर्षी क्लेम होता का, त्या मॉडेलचे पार्ट किती महाग, चोरीला किती जातं, या सगळ्यावरून. एखाद्या कंपनीने एखाद्या जिल्ह्यात मार खाल्ला असेल तर त्या आरटीओला डिस्काउंट खाली येतो, कधी तर त्या महिन्यात ते मॉडेल नकोच म्हणतात. त्यामुळे त्याच गाडीला तीन कंपन्यांचे तीन आकडे येतात, त्यात तुझी काही चूक किंवा गुण नाही. दोन-तीन ठिकाणी विचार, पण विचारताना आयडीव्ही सारखाच ठेव, नाहीतर एक जण आयडीव्ही ४ लाख लावून स्वस्त दाखवतो आणि तुला वाटतं काय ऑफर आहे.

चलानांचं पण विचारतात लोक. जानेवारी २०२१ मध्ये आयआरडीएआयच्या, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, एका कार्यगटाने मसुदा दिला होता की ट्रॅफिकचे नियम मोडले की पॉइंट जमा व्हावेत आणि त्यावरून जादा प्रीमियम लावावा, दारू पिऊन चालवणं १०० पॉइंट, चुकीचं पार्किंग १० पॉइंट असं त्यात होतं. सरसकट लागू झालेलं नाहीये. तरी विकणाऱ्याची पेंडिंग ई-चलानं भरून घे त्याच्याकडून, नंतर ती तुझ्या गळ्यात येतात, इन्शुरन्सवाले अडवत नाहीत, आरटीओवाले अडवतात.

आता एकच गोष्ट अशी आहे जिथे पॉलिसीच्या टेबलावर माणूस दिसतो, ती म्हणजे एनसीबी, नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम नाही घेतला तर पुढच्या वर्षी ओडीवर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम घेतला की शून्य. आणि हा बोनस माणसाचा आहे, गाडीचा नाही, हे तुझ्यासारख्या सेकंड हँड घेणाऱ्याने पाठ करून ठेवावं. विकणारा काका म्हणेल "गाडीवर पन्नास टक्के बोनस चालू आहे हो", तो त्याचा, तो त्याच्या पुढच्या गाडीवर नेणार, तीन वर्षांपर्यंत नेता येतो. तुझा शून्यापासून सुरू.

इथे लोक माती खातात. ऑनलाइन फॉर्म भरताना विचारतात मागच्या वर्षी क्लेम घेतला का, मागचा एनसीबी किती, आणि माणूस खुशाल २५ टिक करतो नाहीतर डीलरकडचा पोरगा त्याच्या वतीने करतो, कारण आकडा खाली आला की तू लगेच पैसे भरशील. वरच्या हिशोबात २५ टक्के बोनस खोटा लावला तर वाचले किती, १,५७६ अधिक जीएसटी, साधारण १,८६० रुपये. आणि पुढे अपघात झाला की क्लेमच्या टेबलावर पहिलं काम काय होतं माहितीये, जुन्या कंपनीकडून एनसीबी कन्फर्म करणं. टॅरिफमध्येच लिहिलेलं होतं की खोटं सांगून बोनस घेतला तर ओडीचे सगळे फायदे जातात. अठराशे रुपयांसाठी दीड-दोन लाखांचं बिल खिशातून भरलेली माणसं मी बघितलीत, आणि त्यातल्या अर्ध्यांना माहीतच नव्हतं की आपल्या नावाने कोणीतरी २५ टिक केलंय. म्हणून फॉर्म स्वतः भर. एजंटाने भरला तरी पैसे भरण्याआधी प्रपोजलची, म्हणजे भरलेल्या अर्जाची, कॉपी मागून घे आणि वाच, सगळ्यात कंटाळवाणं काम आहे पण वीस मिनिटांचं आहे.

जून २०२४ च्या आयआरडीएआयच्या सर्क्युलरपासून एक बरं झालंय, जे कागद पॉलिसी देताना मागायला हवे होते ते क्लेमच्या वेळी नाहीत म्हणून क्लेम नाकारायचा नाही असं सांगितलंय. पण खोटं सांगणं आणि कागद नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक सेकंड हँडचं. गाडी घेतलीस, आरसी तुझ्या नावावर झाली, पण पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावरच राहिली. खूप कॉमन. लोकांना वाटतं इन्शुरन्स गाडीबरोबर येतो. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे जातो, १५७ कलम, पण ओडी जात नाही. ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. मग कंपनी गाडी बघते, जुन्या मालकाचा एनसीबी उरलेल्या दिवसांपुरता वसूल करते, आणि नाव बदलून देते. हे नाही केलं आणि खंबाटकीत गाडी कठड्याला घासली तर पॉलिसी ज्याच्या नावावर तो म्हणणार माझी गाडीच नाही, आणि गाडी ज्याची त्याच्याकडे पॉलिसी नाही. आणि याचा उलटा प्रकार, म्हणजे गाडी विकली पण आरसी जुन्याच नावावर राहिली, तो विकणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच भरपाईसाठी मालक, मधे गाडी चार जणांना विकलेली असली तरी. म्हणून शहाणा विकणारा पण ट्रान्सफरसाठी तुझ्याइतकाच मागे लागतो, जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नकोस.

पॉलिसी संपून मधे दिवस गेले असतील तर त्याला आम्ही ब्रेक-इन म्हणतो, तिथे इन्स्पेक्शन होतं, हल्ली मोबाइलवरच चारी बाजूंनी व्हिडिओ मागतात, चेसिस नंबरचा फोटो, विंडशील्ड आतून, ओडोमीटर. जुन्या पोच्या-ओरखड्यांची यादी बनते आणि नंतर त्या जागेचे पैसे मिळत नाहीत. गाडी धुऊन, उजेडात कर. अंधारात काढलेला व्हिडिओ परत मागतात आणि तोवर तू विना इन्शुरन्स फिरतोस, त्याला पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आहे, दुसऱ्यांदा ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. सीएनजी किट बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलंय का आणि पॉलिसीत लिहिलंय का बघ, पॉलिसीत पेट्रोल आणि डिकीत सिलिंडर हे क्लेमवाल्याला दहा सेकंदांत दिसतं. त्याचा जादा खर्च किटच्या किमतीच्या चार टक्के आणि थर्ड पार्टीत ६० रुपये एवढाच असतो, त्यासाठी लपवायचं काय.

आता माझ्या टेबलावर ये.

सातारा रोडवरच्या एका गॅरेजात सेडान आली होती, डिव्हायडरला ठोकलेली, डावा हेडलॅम्प, फेंडर, रेडिएटर सपोर्ट, सगळं आत गेलेलं. क्लेम फॉर्मवर ड्रायव्हर म्हणून मालकाचं नाव, बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, लायसन्स चालू, सगळं स्वच्छ. ते स्वतः पण आले होते, चांगले सहा फूट उंच. मी नेहमीप्रमाणे ड्रायव्हर सीटवर बसायला गेलो तर माझेच गुडघे स्टिअरिंगखाली अडकले, आणि मी पाच फूट सात. सीट पार पुढे ओढलेली, मधला आरसा खाली वाकवलेला. मेकॅनिकला विचारलं सीट हलवली का रे, तो म्हणाला साहेब गाडी टो करून आलीय, दार आत्ताच उघडलं. मग मागे जाऊन काच बघितली, मागच्या काचेवर कोणीतरी स्टिकर खरवडून काढलेला, पांढऱ्या चिकट कागदावर लाल रंगाची एक उभी रेघ अजून राहिली होती. एलची.

मी त्यांना म्हटलं, काका चहा घेऊया. आधी चिडले, मग चहा अर्धा झाल्यावर सांगितलं की मुलगी शिकत होती, हे शेजारी बसलेले, बुलेट आडवी आली म्हणून तिने वळवली. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की लर्निंग लायसन्सवर क्लेम मिळत नाही, तुमचं नाव टाका. आणि खरी रडायची गोष्ट ही की मिळाला असता! पॉलिसीतच लिहिलंय, लर्निंग लायसन्सवाला चालवू शकतो, फक्त मोटर वाहन नियमातला ३ नंबरचा नियम पाळलेला हवा, म्हणजे शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस आणि गाडीला पुढे-मागे एल. शेजारी बाप होता, एल पण होता. तो एल त्यांनी स्वतः नखाने खरवडून काढला. सही केलेला फॉर्म कंपनीकडे गेलेला, मी रिपोर्टात दिसलं ते लिहिलं, क्लेम खोट्या माहितीवर फेटाळला गेला. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, पण सीट आणि स्टिकर मी लपवू शकत नव्हतो.

तर आपल्याकडे ड्रायव्हरची तपासणी ही अशी होते. पहिल्यांदा लायसन्स, चालू होतं का, त्या प्रकारच्या गाडीचं होतं का, ते सारथीच्या, म्हणजे लायसन्सच्या सरकारी पोर्टलच्या, रेकॉर्डवर मिळतं. मग दारू, कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, हॉस्पिटलचे कागद मागवतात. मग वापर, खासगी नंबरच्या गाडीने भाडं मारत होतास का, लग्नात नवरदेवाची गाडी म्हणून पैसे घेऊन दिली होतीस का, फुलांचा हार बोनेटवर असलेली गाडी क्लेमला येते तेव्हा आम्ही लग्नाची पत्रिका पण मागतो. मग वेळ, जागा आणि नुकसान जुळतं का. खांबाला धडक म्हणतोस आणि बंपरवर दुसऱ्या गाडीचा निळा रंग आहे. ५० हजार किंवा त्याहून मोठ्या नुकसानीला लायसन्सधारक सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासून रिपोर्ट देणारा माणूस, लागतोच, खालच्या रकमांना पण बहुतेक वेळा फोटो नीट बघतात.

आणि हे फक्त तुझ्या बंपरपुरतं नाही. थर्ड पार्टीत कोणी गेलं किंवा जायबंदी झालं तर भरपाईला वरची मर्यादा नाही, ट्रिब्युनल, म्हणजे अपघात भरपाईचं कोर्ट, ठरवेल तेवढी. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर कोर्ट बऱ्याचदा कंपनीला म्हणतं आधी पीडिताला पैसे दे आणि मग मालकाकडून वसूल कर. पे अँड रिकव्हर. म्हणजे मित्राला "जरा चालवून बघ" म्हणून चावी दिलीस, त्याच्याकडे लायसन्स नव्हतं, तर वसुलीची नोटीस मित्राला नाही, तुझ्या घरी येते. लाखांत. चावी देताना लायसन्स बघायला मागणं आपल्याकडे वाईट दिसतं, तरी माग.

बाबांच्या नावाचं आता. पॉलिसी आरसीवरच्या मालकाच्याच नावावर निघते, त्यामुळे खरा प्रश्न गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हा आहे. वयाचा फायदा शून्य, वर सांगितलंच. एका परिस्थितीत मात्र खरंच पैसे वाचतात, बाबांनी मागच्या तीन वर्षांत स्वतःची गाडी विकली असेल आणि त्यांच्याकडे एनसीबी शिल्लक असेल तर, कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेऊन तो या गाडीवर लागेल, कायदेशीर. पण मग गाडी बाबांची. आणि एक तोटा कोणी सांगत नाही. १५ लाखांचं जे पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर सक्तीने घ्यायला लावतात ते मालक-ड्रायव्हरचं असतं. मालक बाबा, चालवणारा तू, तुझं काही झालं तर त्या कव्हरमधून तुझ्या घरच्यांना काही नाही. आणि मालकाकडून गाडी मागून चालवणारा हा कोर्टाच्या नजरेत बहुतेकदा मालकाच्याच जागी धरला जातो, म्हणून थर्ड पार्टीतून पण मागता येत नाही. मुख्यतः तूच चालवणार असशील तर गाडी आपल्या नावावर घे, आणि एनसीबी पहिल्या वर्षी नसला तरी पुढच्या वर्षीपासून तुझा स्वतःचा बनेल.

तो बनवायचा असेल तर बारीक क्लेम घेऊ नकोस. समज दोन वर्षं क्लेम नाही, २५ वर आहेस, पुढच्या वर्षी ३५ मिळणार, आणि प्लॅस्टिकचा बंपर फुटला, ४,५०० चा. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, राहिले २,२५०, त्यातून दर क्लेमला स्वतः सोसायचे सक्तीचे १,००० वजा, हातात १,२५०. आणि पुढच्या वर्षी ३५ टक्के बोनस गेला, वरच्या ६,३०३ वर ते २,२०६ होतात, जीएसटी वेगळा, शिवाय परत शून्यापासून. गॅरेजवाला "इन्शुरन्समध्ये करून टाकू साहेब" म्हणेल, त्याचं काय जातंय.

ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायच्या कव्हरमध्ये, झिरो डेप घे, त्यात पार्टवर घसारा कापत नाहीत, चार वर्षांच्या गाडीला मिळत असेल तर, नव्या ड्रायव्हरचं प्लॅस्टिक आणि फायबरच जास्त फुटतं. चावी, सामान वगैरे सोड. इंजिन प्रोटेक्टचं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. पावसाळ्यात दांडेकर पुलापाशी पाणी आलं होतं, पुढची रिक्षा गेली म्हणून मी पण घातली, मधे बंद पडली. आणि मी, ज्याने शेकडो लोकांना सांगितलंय की पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, मी दोनदा मारला. घाबरलं की हात जातोच. हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो, वर पाणी, मग जो वाकतो तो कनेक्टिंग रॉड. साध्या पॉलिसीत पाण्याने भिजलेल्या सीट, वायरिंग याचे पैसे मिळतात, पण स्टार्टर मारून वाकवलेलं इंजिन हे तू ओढवून घेतलेलं नुकसान धरतात. माझ्याकडे इंजिनचं ॲड-ऑन नव्हतं, क्लेम टाकला नाही, कारण टाकला असता तर तपासणारा माझाच ज्युनिअर होता. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं तेव्हा परत तेच, रात्रभर पाण्यात उभी गाडी सकाळी लोक चालू करून बघतात. ढकलून बाहेर काढ, बॅटरीची वायर काढ, टो कर, आणि आधी फोटो.

तू म्हणालास शनिवार-रविवारच चालवणार. आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये किलोमीटरवर आणि चालवण्याच्या पद्धतीवर आधारित ॲड-ऑनला परवानगी दिली, आपल्याकडे ड्रायव्हर म्हणून तुला खरंच मोजणारी ही पहिली गोष्ट. किलोमीटरवाल्यात वर्षाला ठरावीक किलोमीटरचा स्लॅब घेतोस, ओडीवर सूट मिळते. पण स्लॅब संपल्यावर ओडी बंद पडतो की काही रक्कम कापून चालू राहतो हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, ते वाचूनच घे, कारण गणपतीला कोकणात जाऊन आलास, मधे दोनदा गावी, की काटा कुठे गेला कळत नाही. ज्यात ॲप किंवा डिव्हाइस ब्रेक, वेग, रात्रीचं ड्रायव्हिंग मोजतं ते तुझ्यासारख्या नव्या पोराने एक वर्ष थांबून घ्यावं असं माझं मत, पहिल्या वर्षी ब्रेक जोरातच लागतात.

स्वेच्छेने जास्त रक्कम स्वतः भरायची तयारी दाखवली तर सूट मिळते म्हणून कोणी सांगेल. जुन्या टॅरिफप्रमाणे २,५०० ला २० टक्के पण जास्तीत जास्त ७५० रुपये. नवीन ड्रायव्हरने याच्या नादी लागू नये.

विकणाऱ्याकडून आत्ताची पॉलिसी मागून घे, पीडीएफ चालेल, पहिल्याच पानावर मुदत, आयडीव्ही आणि एनसीबीचा आकडा असतो. मुदत किती महिने उरलीय आणि त्याचा एनसीबी किती आहे ते कळव, उरलेले महिने जास्त असतील तर ट्रान्सफर करून फरक भरणं परवडेल, दोनच महिने असतील तर सरळ आपल्या नावाने नवीन काढू. आणि बाबांनी गाडी कधी विकली होती का ते पण विचारून ठेव.